जहाज वळणार का न्हाय

मुलीनं पुण्याहून कुरिअरनं पाठवलेलं पुस्तक दोनेक महिने आमच्या फ्रिजवर पडून होतं, प्लॅस्टिकसकट. मी रोज सकाळी दूध काढायला फ्रिज उघडायचो, पुस्तकाकडं बघायचो आणि फ्रिज बंद करायचो. फोडायचं नव्हतं. ज्याच्यासोबत फोडायचं तो गडहिंग्लजला बसलेला, आणि तो काही फोन करत नव्हता. मी तर करणारच नव्हतो. मेलो तरी नाही.

पुस्तक म्हणजे पोथी नव्हे बरं का. इंग्रजी कॉमिक. अंतराळातली जहाजं, लढाया, दोन-दोन सूर्य, असली सात भागांची चित्रकथा, आणि हा सातवा, शेवटचा भाग. मी पंचावन्नच्या पुढचा, डोक्यावरचे केस बरेचसे गेलेला माणूस. उद्यमनगरात माझं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे, जळक्या मोटारींची तांब्याची तार उचकटून नवी भरायची, हा धंदा. शेजारच्या लेथवाल्यानं एकदा दुकानात आधीचा एक भाग बघितला आणि म्हणाला, "काय पावणं, नातवाची पुस्तकं वाचालाय व्हय?"

"माझी हायत," मी म्हणालो. "तुला काय तरास हाय?"

त्यानंतर त्यानं विचारलं नाही.

नातू तसा खराच आहे, पण तो पुण्यात. आणि त्याला सांभाळायला चार दिवस म्हणून गेलेली बायकोही पुण्यात. त्या चार दिवसांचं वर्ष झालं. तक्रार नाही, लेक नोकरी करते, पोर कुणीतरी बघायला पाहिजे. रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल येतो, त्यात मला पोराचं कपाळ आणि पंखा दिसतो. मग कॉल संपतो, मी खानावळीचा डबा उघडतो आणि टीव्ही लावून जेवतो. टीव्हीत काय चाललंय ते मला सांगता यायचं नाही.

कोल्हापुरात आपण एकटे आहोत हे कुणाला सांगायची सोयच नाही. सांगितलं की चौघं येऊन बसतात, "मर्दा, आम्ही मेलोय व्हय?" म्हणतात, तांबडा-पांढरा रस्सा करायला लावतात, दोन तास घसा फोडून बोलतात आणि उठून जातात. गेले की घर आधीपेक्षा मोठं वाटायला लागतं. म्हणून मी सांगायचं सोडून दिलं. मला चौघं नको होते. मला एकच माणूस पाहिजे होता, आणि त्याच्याशी माझी ईर्षा लागली होती.

आमची गाठ पडली ती डिप्लोमाच्या हॉस्टेलवर. मी वारणेकडचा, शेतकऱ्याचा, मराठी शाळेतला. तो गडहिंग्लजचा, बापाचा गुळाचा व्यापार, घरात सगळे कन्नड बोलणारे आणि शाळा बेळगावात, इंग्रजीतली. मराठी यायचं त्याला, पण धड्यातलं. पहिल्याच दिवशी मेसमध्ये ताट घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मला अजून थोडी आमटी मिळू शकेल का?" अख्खी मेस हसली. वाढपीसुद्धा वाढायचं सोडून हसला. ह्याचं तोंड एवढंसं झालं. मला कसंतरी वाटलं. हाताला धरून शेजारी बसवला आणि म्हणालो, "मर्दा, असं मागितलंस तर तीन वर्षं उपाशी ऱ्हाशील. आधी आयला म्हण. मग काय पायजे ते बोल."

"आयला," तो म्हणाला, शाळेत कविता पाठ म्हणतात तसा. "आयला, आमटी वाढ की."

आमटी आली. काठोकाठ आली. त्या दिवसापासून त्यानं तो शब्द जो धरला तो धरला. मास्तरांसमोर जिभेवर यायचा आणि तो दातांत दाबायचा. सुट्टीला घरी गेला की अव्वाच्या, म्हणजे त्याच्या आईच्या, शिव्या खाऊन परत यायचा. "तुझ्यापायी अव्वानं मला लाटणं फेकून मारलं," म्हणायचा. आणि वर पुन्हा "आयला" म्हणायचाच.

त्या चित्रकथेचा पहिला भाग आम्हाला रद्दीच्या दुकानात मिळाला. जुनी जर्नल्स विकायला गेलतो, आणि विकून आलेल्या पैशांतून हे फाटकं पुस्तक घेऊन आलो. अर्धं कव्हर गेलेलं. मला इंग्रजी म्हणजे परीक्षेपुरतं, म्हणून रीत आपोआप ठरून गेली. वाचायचं त्यानं, पान उलटायचं मी. तो वाचायचा आणि जागच्या जागी मराठी करायचा, आणि मी सगळी चित्रं डोळे भरून बघून झाल्याशिवाय पान उलटायचो नाही. त्याचं वाचून झालेलं असायचं, तो चुळबुळ करायचा. "उलट की रं, पुढं मरायलीत माणसं!" मी म्हणायचो, "मरू देत. मला हे इंजिन बघू दे."

गोष्ट अशी की दोन सूर्यांची दोन राज्यं, त्यांची पिढ्यान्‌पिढ्या लढाई, आणि मधून एक जुनाट मालवाहू जहाज चाललेलं. जहाजात बियाणं. ज्या ग्रहावर काही उगवायचं बंद झालंय तिथं ते पोचवायचं. कप्तान एक बाई, तोंडाची फटकळ. तिला आम्ही बाईच म्हणायचो. जहाज चालवायला शत्रूच्या मुलखातला एक माणूस, एका हाताला तीनच बोटं, म्हणून तो तिबोट्या. त्यांची खरी नावं तशी बरीच लांबलचक होती, आमच्या तोंडात कधी बसली नाहीत. दोघं सहाच्या सहा भाग भांडतात. आणि माझ्या मित्राच्या मराठीत भांडतात, त्यामुळं पहिल्या भागात बाई "माझ्या जहाजातून चालती हो" असं म्हणत असेल तर आम्हाला ते "आयला, ऊठ, नीघ हितनं" असं ऐकू यायचं. मला आजही वाटतं, मुळात ती तसंच बोलली असणार.

मालिका भलतीच सावकाश चालायची. एक भाग निघाला की पुढचा कधी ते देवाला ठाऊक. पण निघाला की त्याचा बेंगळुरातला चुलतभाऊ पाठवायचा, आणि आम्ही जिथं असू तिथून एका जागी जमायचो. हॉस्टेल सुटलं, तो तिकडंच साखर कारखान्यात इलेक्ट्रिकलला लागला, मी दुकान टाकलं, दोघांची लग्नं झाली, पोरं झाली. भाग आला की ही सगळी बाजूला. माझी बायको म्हणायची, "तुझं माझं जमंना आन्‌ तुझ्यावाचून करमंना, अशी गत हाय तुमची." भांडायचो आम्हीही. तंत्राच्या गोष्टींवरून तर फार. एवढं जहाज फिरवायला एवढीशी मोटर पुरेल का, ह्यावर एकदा जेवण थांबलं होतं.

सहावा भाग आम्ही माझ्या दुकानात वाचला, सुट्टीच्या दिवशी, शटर अर्धं ओढून. शेवटाला असं होतं की जहाजाचा मागचा डबा पेटतो. तिबोट्या छोट्या होडीतून बाहेर जातो, बाहेरून कडी सोडतो, पेटलेला डबा सुटतो आणि जहाज वाचतं. पण होडीला जोराचा धक्का बसतो आणि ती उलट्या दिशेला लांब जाते. बाईकडं इंधन असं की एक तर मागं वळून त्याला घ्यायचं, नाहीतर बियाणं पोचवायचं. दोन्ही व्हायचं नाही. शेवटच्या पानावर फक्त तिचा हात सुकाणूवर. संपला भाग.

"वळणार," तो म्हणाला.

"न्हाय वळणार," मी म्हणालो. "माल पोचवायचा सोडून वळती व्हय? तिकडं माणसं उपाशी हायत."

"सहा भाग भांडली त्याच्याशी ती. सोडून जाईल व्हय?"

"भांडली म्हणूनच जाईल. त्यालाबी ठाव हाय."

"तुला माणूसच कळत न्हाय," तो म्हणाला.

"आन्‌ तुला धंदा कळत न्हाय," मी म्हणालो.

हे स्टँडपर्यंत चाललं. तो गाडीत बसला, खिडकीतून डोकं बाहेर काढून बोलतच होता. एक गोष्ट मात्र दोघांनी कबूल केली, की शेवटचा भाग एकट्यानं वाचायचा नाही. वाचेल त्याला जोतिबाची आण. मग गाडी हलायला लागली तसा मी ओरडलो, "पोचलास की फोन कर."

"तू कर! इचार की, पोचलास काय म्हणून."

"मी का करू? जाणारा तू!"

"बरं मग," त्यानं खिडकीतून बोट नाचवलं, "जो आधी फोन करंल त्यानं मान्य केलं! तू केलास तर जहाज वळणार. मी केला तर न्हाय वळणार. बघू कोण आधी करतंय!"

"बघू की!" मी म्हणालो. चार माणसं बघायला लागली.

आता बाहेरगावच्या माणसाला हे खुळ्यासारखं वाटेल. वाटू दे. आमच्याकडं ईर्षा म्हणजे मत्सर नव्हे. ईर्षा म्हणजे मी जिलेबीचं ताट संपवीन म्हणालो, तर आता पोटात जागा असो नसो, संपवणार. समोरचाही तसलाच पाहिजे, नाहीतर मजा नाही. आपल्या माणसाशीच लावायची असते ती. परक्याशी कोण लावतंय?

पहिली काही वर्षं मजा आली. त्या बाजूचं कुणी मोटर घेऊन आलं की मी निरोप द्यायचो, "त्याला म्हणावं, मी ठाम हाय." उलटा निरोप यायचा, "ते बी ठाम हायत म्हणं." माझ्या मुलीच्या लग्नाला आला, आहेर केला, पंगतीला तीनदा जिलेबी घेतली, मला मिठी मारली आणि कानात म्हणाला, "ठाम?" मी म्हणालो, "ठाम." हसत निघून गेला. फोन नाहीच. इकडं मालिकाही बंद पडली होती. चित्रकाराची नजर कमी झाली म्हणे, कुणी म्हणालं लिहिणाऱ्याशी त्याचं वाजलं. सातवा भाग आता निघत नाही असंच सगळे धरून चालले होते.

मग निरोपही थांबले. तो रिटायर झाला असेल, मी मानलं. हॉस्टेलचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता, त्यात तो कधीच नव्हता, आणि सकाळी सकाळी फुलांचे फोटो बघून मीही बाहेर पडलो होतो. त्याचा नंबर माझ्या फोनमध्ये होता, 'तिबोट्या' नावानं. कधीकधी दुकानात बसल्या बसल्या त्या नावावर अंगठा ठेवायचो आणि काढायचो. आपण हरायचं, ते त्याच्यासमोर, हे मला जमणारच नव्हतं.

तर असा सातवा भाग एकाएकी निघाला, लेकीनं मागवून पाठवला आणि फ्रिजवर येऊन बसला. मला खात्री होती, आता ह्याचा फोन येणार. पुस्तक निघालंय हे त्याला कळणारच. पहिला आठवडा मी फोन खिशात न ठेवता हातात घेऊन हिंडलो. मग राग यायला लागला. माज बघा ह्याचा, म्हटलं. एवढं जन्माचं पुस्तक आलंय आणि हा ईर्षा धरून बसलाय. मीही धरून बसलोय हे त्या वेळी माझ्या डोक्यात येत नव्हतं. मग राग गेला आणि नुसतीच त्याची आठवण यायला लागली. जेवताना यायची. डब्यातली आमटी पातळ असली की जास्त यायची. एकदा त्या गार फ्रिजसमोर उभा राहून मी चक्क मोठ्यानं म्हणालो, "आरं कर की एकदा." घरात कोण ऐकणार होतं?

शेवटी एका सकाळी सुचलं. फोन करायचा नाही असं ठरलंय. जायचं नाही असं कुठं ठरलंय? फोन न करता दारात जाऊन उभं राहिलं तर हरलो कसा? माझ्या अकलेवर मीच खूश झालो. दुकान बंद ठेवलं, पुस्तक टॉवेलात गुंडाळून पिशवीत घातलं, वर भडंगाचं पाकीट ठेवलं आणि गडहिंग्लजची गाडी पकडली.

ती गाडी कागल सोडलं की निपाणीला कर्नाटकात जाते, संकेश्वरपर्यंत दुकानांच्या पाट्या कन्नड होतात आणि मग परत महाराष्ट्रात येते. हॉस्टेलच्या दिवसांत तो मला त्या पाट्या वाचून दाखवायचा आणि मी मुद्दाम चुकीच्या म्हणायचो. आता मी एकटाच खिडकीशी बसून पाट्या बघत होतो. एकही वाचता येत नव्हती. वाटेत मनात सगळं ठरवत होतो, दारात गेल्या गेल्या काय बोलायचं ते.

घर बाजाराच्या मागच्या बाजूला. पुढच्या खोलीत पूर्वी गुळाच्या ढेपा असायच्या, आता मोकळी. दार वहिनींनी उघडलं. "बर्री, बर्री," असं आधी सवयीनं कन्नडात म्हणाल्या, मग ओळख पटली. "अगबाई, तुम्ही! या अण्णा, आत या." त्या आणखी काहीतरी सांगणार होत्या, पण मी थांबतोय कुठला? मला तो दिसला होता. आतल्या खोलीत, खिडकीपाशी, हाताच्या खुर्चीत. वाळलेला. पायांवर शाल.

"हरलो न्हाय हां!" मी उंबऱ्यातूनच ओरडलो. "फोन केलेला न्हाय! सवता आलोय! जहाज अजून वळलेलं न्हाय!"

त्यानं बघितलं. तोंड उघडलं.

"आयला," तो म्हणाला.

तोच आवाज, तोच हेल. मला एवढं बरं वाटलं म्हणून सांगू! समोरची खुर्ची ओढून बसलो आणि सुटलोच. "काय लेका, पुस्तक येऊन दोन महिने झालं. तुला कळलं न्हाय व्हय? मी रोज फोनकडं बघतोय. एक फोन करायला हात मोडला काय तुझा?"

"आयला," तो म्हणाला.

"आयला काय आयला? बोल की!"

"आयला. आयला, आयला." आणि त्यानं डावा हात पुढं करून माझं मनगट धरलं. गच्च धरलं. तेव्हा मी त्याच्या उजव्या हाताकडं बघितलं. तो मांडीवर उताणा पडला होता, दुसऱ्या कुणाचा ठेवल्यागत.

मागून वहिनी हळू म्हणाल्या, "अण्णा, त्यांना बोलता येत न्हाय आता. एवढंच येतंय."

दीड वर्षापूर्वी झटका आलेला. बेळगावला दवाखान्यात होता. पाय थोडा सुधारला, काठी घेऊन अंगणापर्यंत जातो. हात नाही आला. बोलणं गेलं. डॉक्टरांनी सांगितलं म्हणे, सगळे शब्द जातात आणि कधीकधी एखादा राहतो, का राहतो ते सांगता येत नाही. वहिनी पदराला हात पुसत उभ्या होत्या. "आमच्या घरात जन्मभर कन्नड, अण्णा. अव्वा म्हणायचं गेलं. माझं नाव गेलं. पोरांची नावं गेली. आणि उरलं काय तर हे. पाणी पायजे तरी हेच, दुखतंय तरी हेच. सासूबाई असत्या तर काय म्हणाल्या असत्या?" त्या हसायला गेल्या आणि त्यांना हसता आलं नाही.

तो शब्द मी दिला होता. आमटीसाठी दिला होता.

"मला कळवायचं तरी," मी म्हणालो.

"कितीदा फोन हातात घेतला. तुमचं नाव काढून दाखवलं. हे असं फोनवर हात ठेवायचे आणि मान हलवायचे. न्हाय म्हणजे न्हाय. मला वाटायचं लाज वाटत्याय, मित्राला असं दिसायला नको वाटतंय."

मी त्याच्याकडं बघितलं. तो माझ्याकडं बघत होता, आणि डाव्या गालात, जिथं अजून हलत होतं तिथं, हसत होता. लाज होती, नाही असं नाही. पण नुसती लाज नव्हती. सुंभ जळालं तरी पीळ जात न्हाय म्हणतात ते खोटं नाही.

"खुळ्या," मी म्हणालो. "खुळ्या, मेला असतास तर?"

"आयला," तो म्हणाला, म्हणजे बहुतेक, मग तू जिंकला असतास.

जेवणं झाली. भाकरी, शेंगाची चटणी, आमटी. तो डाव्या हातानं सावकाश जेवला. मग मी पिशवीतून टॉवेल काढला आणि पुस्तक त्याच्या मांडीवर ठेवलं. त्यानं प्लॅस्टिकवरून बोट फिरवलं. फोडायला त्याला एका हातानं जमत नव्हतं, मी मदत करायला गेलो तर माझा हात झटकला. दातानं फोडलं त्यानं.

अक्षरं त्याला लागत नव्हती. बघायचा, कपाळाला आठ्या घालायचा आणि सोडून द्यायचा. चित्रं मात्र दिसत होती. मग काय, वाचायला मी. एवढ्या आयुष्यात मी इंग्रजी कधी मोठ्यानं वाचलं नव्हतं. अडखळत, बोट ठेवत, अर्ध्या शब्दांचा अर्थ मोबाईलवर बघत वाचत होतो, आणि जमेल तसं मराठी करत होतो. चुकलो की तो खुर्चीच्या हातावर टकटक वाजवायचा. त्याला आत सगळं कळत होतं. पान उलटायचं काम आता त्याच्याकडं, आणि तो सगळी चित्रं पुरी बघितल्याशिवाय उलटत नव्हता. "उलट की रं," मी म्हणालो. तो "आयला" म्हणाला आणि इंजिनाच्या चित्रावर बोट ठेवलं.

बाई वळली नाही.

चौथ्या-पाचव्या पानावरच तिनं सुकाणू सरळ ठेवलं. मी जिंकलो होतो. मला तिथंच पुस्तक मिटावंसं वाटलं. पण पुढं होतं. तिबोट्याच्या होडीतलं यंत्र मोडलेलं, त्याला ऐकू येतंय पण उलट बोलता येत नाही. आणि बाई बोलत राहते. जहाज पुढं पुढं चाललंय आणि ती यंत्रापाशी बसून त्याला सांगते, आज जेवायला काय होतं, कुठला पंप कुरकुरतोय, कोण कुणाशी भांडलं. पानामागून पानं नुसतं हे. त्याला ऐकू जातंय का हेही तिला माहीत नाही. बियाणं पोचतं, हिरवं उगवतं, तिचे केस पांढरे होतात, तरी ती बोलते. शेवटच्या चित्रात काळं आभाळ, त्यात ती एवढीशी होडी आणि होडीचा दिवा लागलेला. संपलं. सात भाग, सगळा जन्म, संपला.

बराच वेळ आम्ही त्या दिव्याकडं बघत बसलो. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, त्यानं पुसलं नाही. माझंही येत होतं. "न्हाय वळली," मी म्हणालो. "पण तुझंबी खरं हाय. सोडलं न्हाय तिनं." त्यानं जोरात मान हलवली. त्याला असली वाटणी मान्य नव्हती. त्यानं माझ्या छातीवर बोट ठेवलं, मग अंगठा वर केला. तू जिंकलास. ईर्षेत अर्धं अर्धं नसतं.

पाचच्या गाडीनं निघालो. पुस्तक तिथंच ठेवलं. तो काठी टेकत अंगणापर्यंत आला, आणि मी वळून बघितलं तेव्हा तिथंच उभा होता. परतीच्या वाटेवर मी एकही पाटी बघितली नाही. घरी येऊन फ्रिजवरच्या रिकाम्या जागेकडं बघितलं आणि न जेवता झोपलो. आता फोन कुणी कशाला करायचा? पुस्तक संपलं, ईर्षा संपली. तो बोलू शकत नाही आणि मी कुणाशी बोलायचं?

दुसऱ्या दिवशी दुकानात एका बोअरच्या मोटरीची जळकी तार उचकटत बसलो होतो. हात काळे झालेले. फोन वाजला आणि बंद झाला. परत वाजला, परत बंद. कुणीतरी चुकून चुकून दाबत होतं. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मी बघितलं. तिबोट्या.

उचलला. पलीकडं श्वास ऐकू आला. मागं वहिनींचा आवाज, "मी लावून देते म्हटलं तर नको म्हणालेत." मग तो.

"आयला," तो म्हणाला.

मान्य केलं त्यानं. ठरल्याप्रमाणं आधी फोन करून, रीतीनं हरला तो.

"हरलास की लेका," मी म्हणालो. त्याच्याकडं दुसरं काही बोलायला नव्हतंच. तो थांबला होता, फोन ठेवत नव्हता. मग मी काळ्या हातानं स्टूल ओढलं, बसलो आणि सांगायला लागलो. की आज एक बोअरची मोटर आलीय, आत पाणी शिरून पार जळालीय. की खानावळवाल्यानं काल आमटी नुसती पाण्यागत दिलती. की शेजारचा लेथवाला माझ्याकडंच बघालाय, बघू दे.

"ऐकालास न्हवं?" मी विचारलं.

"आयला," तो म्हणाला.

मग मी पुढं सांगत राहिलो.